आधी हिशेब, मग महाकाव्य

लिहिण्याचा शोध कसा लागला, याची एक गोष्ट सुमेरी लोक स्वतःच सांगत. उरुकचा राजा एन्मेर्कार याला डोंगरांपलीकडच्या अरट्टा नगरीकडून सोनं, चांदी आणि निळा लाजवर्द दगड हवा होता. निरोप्या सात डोंगर ओलांडून जाई आणि उत्तर घेऊन परत येई. दोन्ही राजे एकमेकांना कोडी घालत राहिले आणि निरोप लांबत गेला. शेवटी तो इतका लांबला की निरोप्याची जीभ जड झाली, त्याला तो पाठ म्हणता येईना. तेव्हा एन्मेर्कारने मातीचा गोळा थापून सपाट केला आणि निरोप त्यावर उमटवला.

गोष्ट सुरेख आहे, पण ती रचली गेली तेव्हा लेखन बरंच जुनं झालेलं होतं. उरुकच्या मातीतून जे प्रत्यक्ष निघालं, त्यात निरोप नाही, देवाची स्तुती नाही, राजाचा पराक्रमही नाही. जव किती आला, मेंढ्या किती, बिअर किती आणि हे सगळं कोणाच्या नावावर, एवढंच त्यात आहे. तिथल्या सर्वांत जुन्या पाट्यांपैकी जवळपास ८५ टक्के पाट्या हिशेबाच्या आहेत.

लेखनामुळे ज्ञान साठवता आलं, इतिहास सुरू झाला, असं आपण शाळेपासून ऐकतो. ते खरंच आहे, पण तो बराच पुढचा भाग. सुरुवातीला घडलं ते याहून साधं होतं, आणि समाज मुळापासून हलवणारं होतं. तोवर देणं दोन माणसांच्या आणि फार तर चार साक्षीदारांच्या आठवणीत राहत असे. ती माणसं गेली की देणंही पुसलं जाई. लेखनाने देणं माणसापासून सुटं केलं. देणारा, घेणारा, साक्षीदार, राजा सगळे मेले तरी पाटी उरली. अनोळखी लोकांतला व्यापार, कर, नोकरशाही, न्यायालय आणि बापाचं कर्ज मुलाच्या माथी, यांची वाट त्या एका बदलातून निघाली.

मातीच्या गोट्यांपासून पाटीपर्यंत

उरुक म्हणजे आजच्या दक्षिण इराकमधलं वरका. इ.स.पू. ३३०० च्या आसपास सुमारे २५० हेक्टरांवर पसरलेलं हे शहर त्या काळी बहुधा जगातलं सर्वांत मोठं होतं. मध्यभागी इनान्ना देवीचं इआन्ना नावाचं आवार होतं. देऊळ, कोठार, कारखाना आणि कचेरी असं ते सगळंच होतं. आसपासच्या शेतांचा जव तिथे यायचा, कळपांची लोकर यायची, आणि मजुरांना शिधा तिथूनच मिळायचा.

खेड्यात कोणाचं कोणाकडे किती येणं आहे, हे गावालाच ठाऊक असतं. पण समोरच्या माणसाचं नावही माहीत नसलेल्या कोठावळ्याने काय करायचं? आणि तो कोठावळा उद्या बदलला तर?

या अडचणीवरचा पहिला उपाय लेखनाहून कितीतरी जुना होता. इ.स.पू. ८००० पासून पश्चिम आशियातल्या वस्त्यांत मातीचे छोटे शंकू, गोळ्या आणि चकत्या सापडतात. एक वस्तू, एक गोळी, अशी ती मोजणी असावी. इ.स.पू. ३५०० च्या सुमारास या गोळ्या मातीच्या पोकळ गोळ्यात बंद करून त्यावर मुद्रा उमटवायची पद्धत आली. मुद्रा नळीसारखी असे. ओल्या मातीवर लाटली की मालकाचं चित्र पट्ट्यासारखं उमटे. आता आतला ऐवज कोणाला बदलता येत नव्हता, पण तपासायचा म्हटलं तरी गोळा फोडावा लागे. म्हणून आत जितक्या गोळ्या, तितके ठसे बाहेरून दाबून ठेवायला सुरुवात झाली. आकडा बाहेर दिसू लागल्यावर आतल्या गोळ्यांची गरजच उरली नाही. पोकळ गोळ्याची सपाट पाटी झाली.

हा क्रम डेनिस श्मांट-बेसेरात या विदुषींनी मांडला. प्रत्येक गोळीतून एकेक लिपिचिन्ह जन्मलं, हा त्यांचा दावा अनेक अभ्यासकांना मान्य नाही. पण मोजणीच्या ठशांतून पाटी आली, हा धागा बऱ्यापैकी पक्का आहे.

ठशांनी 'किती' सांगितलं, 'काय' सांगितलं नाही. त्यासाठी बोरूच्या टोकाने शेजारी चित्र काढलं जाऊ लागलं. जवाचं कणीस म्हणजे जव. तिरप्या काठाचा वाडगा म्हणजे भाकरी किंवा शिधा. माणसाचं डोकं आणि त्याच्या तोंडाशी वाडगा म्हणजे खाणं, शिधावाटप. असे ओबडधोबड वाडगे उरुकच्या काळातल्या वस्त्यांमध्ये हजारोंनी सापडतात. ते बहुधा शिधा मोजून देण्यासाठीच असावेत.

या काळातली एक पाटी फार गाजली. तिच्यावर २९,०८६ मापं जव, ३७ महिने आणि 'कुशिम' अशी नोंद आहे. कुशिम हे माणसाचं नाव की हुद्द्याचं, यावर मतभेद आहेत. नाव असेल, तर आपल्याला माहीत असलेल्या अगदी पहिल्या माणसांपैकी एक राजा नाही, ऋषी नाही, जवाचा हिशेब ठेवणारा कारभारी आहे.

त्या काळी आकडेसुद्धा वस्तूला चिकटलेले होते. माणसं आणि मेंढ्या मोजताना गोल ठसा म्हणजे दहा. तोच ठसा जव मोजताना छोट्या मापाच्या सहापट. भाकऱ्या मोजायची रीत आणखी वेगळी. वस्तूपासून सुटा असा निखळ आकडा अजून जन्मायचा होता. त्यातली साठाची मोजणी पुढे बाबिलोनच्या गणितात आणि ज्योतिषात रुजली आणि आपल्या घड्याळात आजही चालू आहे.

चित्राला आवाज फुटला

या पाट्यांवर वाक्यं नाहीत. क्रियापदं जवळजवळ नाहीत, आणि त्यांची गरजही नव्हती. किराण्याच्या यादीत 'तेल २, साखर ५' एवढंच लिहिलेलं असलं तरी दुकानदाराचं काम अडत नाही, तसंच हे. लिहिणारा आणि वाचणारा एकाच कचेरीतले होते, बाकीचं दोघांनाही ठाऊक होतं.

अडचण आली ती माणसांच्या नावांची. मेंढीचं चित्र काढता येतं, पण नावाचं कसं काढायचं? इथे एक युक्ती कामी आली. समजा, आपल्याला मराठीत नदीचा 'तीर' लिहायचा आहे आणि बाणाचं चित्र उपलब्ध आहे. दोन्हींचा उच्चार एक, म्हणून बाणच काढून टाकायचा. सुमेरी भाषेत 'ती' म्हणजे बाण, आणि 'ती' म्हणजे जीवनसुद्धा. जीवन चित्रात मावत नाही, बाण मावतो. चिन्ह वस्तूवरून उच्चाराकडे सरकलं तेव्हा चित्राला आवाज फुटला आणि बोलता येणारं सगळंच लिहिता येण्याची शक्यता निर्माण झाली.

पण ही शक्यता वापरायची घाई कोणाला नव्हती. सलग मजकूर, म्हणजे देवळांची स्तोत्रं, बापाने मुलाला केलेला उपदेश, असं काही हाती येतं ते पहिल्या पाट्यांनंतर सहाशे-सातशे वर्षांनी. तोवर हिशेबाखेरीज लिहिलं गेलं ते एकच: याद्या. हुद्द्यांची यादी, झाडांची यादी, भांड्यांची, गावांची. नवशिक्या कारकुनाला चिन्हं शिकवण्यासाठी त्या होत्या. हुद्द्यांची यादी तर कित्येक शतकं जवळजवळ जशीच्या तशी उतरवली जात राहिली, त्यातले काही हुद्दे प्रत्यक्षात लोप पावले तरीही. जगाची वर्गवारी करून ती वरून खाली मांडायची सवय इथे लागली. बोलताना कोणी असं बोलत नाही.

दरम्यान चित्रंही बदलली. ओल्या मातीवर वळणदार रेघ ओढणं त्रासाचं, बोरूचं टोक दाबणं सोपं. चित्राचे खिळ्यासारखे ठसे झाले आणि ज्या लिपीला आपण कीलाकार लिपी म्हणतो ती तयार झाली. ती इसवी सनाच्या पहिल्या शतकापर्यंत, म्हणजे तीन हजार वर्षांहून अधिक काळ, वापरात राहिली.

हजेरी, शिधा आणि बाकी

देणं लिहून ठेवता आल्यावर राज्य काय करू शकतं, हे पाहायचं तर उर शहराच्या तिसऱ्या घराण्याकडे जायला हवं. इ.स.पू. २११२ ते २००४ असा जेमतेम शतकभराचा हा काळ. पण त्यातल्या लाखाच्या घरात पाट्या आज माहीत आहेत. पुझ्रिश-दगान इथे सरकारी जनावरांचं मोठं केंद्र होतं. तिथे आलेली आणि तिथून गेलेली एकेक मेंढी नोंदवलेली सापडते.

माणसंही तशीच नोंदवली जात. पुरुष मजुराला महिन्याला साधारण ६० सिला जव, बाईला ३०. सिला म्हणजे अदमासे एक लिटर. दळणाऱ्या आणि विणणाऱ्या बायका शेकड्यांनी कामाला असत. त्यांच्या मुलांचा शिधाही वयाप्रमाणे ठरलेला होता.

सगळ्यांत बोलके आहेत ते मुकादमांचे वार्षिक हिशेब. वर मागच्या वर्षीची बाकी. मग हाताखालची माणसं गुणिले दिवस, म्हणजे मुकादमाने सरकारला देणं असलेलं काम. खाली प्रत्यक्ष झालेलं काम, तेही दिवसांत बदललेलं: कालव्याची इतकी माती उपसली म्हणजे इतके दिवस, इतकं पीठ दळलं म्हणजे इतके. शेवटी वजाबाकी. कामाचं प्रमाण इतकं कडक धरलेलं असे की बाकी बहुधा मुकादमाच्या अंगावरच निघे आणि पुढच्या वर्षात ओढली जाई. तो मेला की वसुली त्याच्या घरावर येई. कोणत्याही प्रत्यक्ष दिवशी कोणी काम बुडवलेलं नसेल. पण कागदोपत्री, म्हणजे पाटीवर, तो कर्जदार होता. माणसाच्या श्रमाचं असं दिवसांत मोजता येणारं, पुढे ढकलता येणारं, वारसाला लागू होणारं रूप लेखनाशिवाय कल्पनेतही आलं नसतं.

मात्र नोंद दोन्ही बाजूंनी बोलते. इजिप्तमध्ये फारोंची थडगी खोदणारे कारागीर देर अल-मदिना या वस्तीत राहत. तिसऱ्या रामसेसच्या कारकिर्दीच्या २९ व्या वर्षी, इ.स.पू. ११५५ च्या सुमारास, त्यांचा शिधा थकला. कारागीर काम टाकून देवळांपाशी जाऊन बसले. अमेननख्त नावाच्या लेखनिकाच्या त्या दिवसांच्या नोंदी एका पपायरसवर उरल्या आहेत आणि इतिहासातला पहिला नोंदलेला संप म्हणून त्यांचा उल्लेख होतो. या वस्तीत लिहिता-वाचता येणारे बरेच होते. आपलं किती येणं आहे आणि किती दिवस थकलं आहे, हे त्यांना नेमकं माहीत होतं. ज्या नोंदीने त्यांना बांधलं होतं, तीच दाखवून ते भांडले.

हजार किलोमीटरवरचा भरवसा

राजवाडा आणि देऊळ यांच्या बाहेर लेखन गेलं की काय होतं, याचं उत्तर आजच्या तुर्कस्तानात, कुलतेपे या टेकाडात मिळालं. प्राचीन कनेश शहर ते हेच. इ.स.पू. १९०० च्या आगेमागे तिथे उत्तर इराकमधल्या अश्शूर शहराच्या व्यापाऱ्यांची पेठ होती. त्यांच्या घरांतून सुमारे २३,००० पाट्या निघाल्या. एवढं मोठं खासगी दप्तर त्या काळातलं दुसरं नाही.

अश्शूरहून कनेश सुमारे हजार किलोमीटर. गाढवांच्या तांड्यावर कथील आणि लोकरीचं कापड लादून निघायचं, आठवडेच्या आठवडे चालायचं, माल विकून चांदी-सोनं परत पाठवायचं. भांडवल एकाचं, माल दुसऱ्याचा, गाढवं तिसऱ्याची, आणि विकणारा कनेशात बसलेला भाऊ किंवा अडत्या. एकमेकांचं तोंड वर्षानुवर्षं न पाहणाऱ्या माणसांचा हा धंदा पाट्यांवर चालला. कर्जरोखा लिहायचा, त्याला मातीचंच पाकीट घालायचं, पाकिटावर तोच मजकूर पुन्हा लिहून साक्षीदारांच्या मुद्रा उमटवायच्या. वाद झाला की पाकीट फोडून आतला मजकूर ताडून पाहायचा. बाहेरचा आकडा कोणी बदलला असेल तर आतला खोटं बोलत नाही.

हे लोक व्यावसायिक लेखनिकांवर अडून नव्हते. शंभर-दीडशे चिन्हांत काम भागेल अशी सुटसुटीत लेखनपद्धत त्यांनी वापरली, त्यामुळे अनेक व्यापाऱ्यांना स्वतःला लिहिता-वाचता येई. बायकांचीही बरीच पत्रं सापडली आहेत. पुशु-केन हा कनेशमधला मोठा व्यापारी. त्याची बायको लमस्सी अश्शूरमध्ये घर सांभाळून कापड विणवून घेई आणि नवऱ्याकडे विकायला पाठवी. कापडाच्या आकारावरून नवरा कुरकुरतो, म्हणून ती पत्रात रागावते. शालिम-अहुमने घर बांधलंसुद्धा, आपलं कधी होणार, असंही विचारते. तिच्या विणकामाची चांदी हा तिचा स्वतःचा हिशेब होता आणि तो तिला नीट ठाऊक होता.

याच पत्रांत जकात चुकवायच्या आडवाटांबद्दलही सावधगिरीचे इशारे आहेत. चोरटा माल पकडला गेला आणि पुशु-केनला तुरुंगात टाकलं, अशी बातमी एका पत्रात आहे. चोरीच्या धंद्यालाही आता पत्रव्यवहार लागत होता!

पाटी फोडणारा राजा

लिहिलेलं देणं वाढत जातं, आणि ते वाढण्यासाठी कोणाला काही करावं लागत नाही. बाबिलोनियात जवाच्या कर्जावर ३३⅓ टक्के आणि चांदीच्या कर्जावर २० टक्के व्याज ही रूढ पट्टी होती. एक पीक बुडालं की शेतकरी पुढचं पीक गहाण टाकी, मग जमीन, मग मुलं, शेवटी स्वतःला.

लगश आणि उम्मा या दोन शहरांच्या सीमातंट्याची हकिगत लगशच्या एन्मेतेना राजाने इ.स.पू. २४०० च्या सुमारास मातीच्या शंकूवर लिहवून घेतली. जगातल्या अगदी जुन्या इतिहासलेखनात तिची गणना होते. तिच्यातला तंटासुद्धा जमीन आणि जवाच्या थकबाकीचा आहे, आणि त्या थकबाकीवर व्याज चढून आकडा अवाढव्य झालेला आहे. याच एन्मेतेनाने आपल्या प्रजेची कर्जं माफ केली. कर्जमाफीच्या ज्ञात नोंदींपैकी ती सर्वांत जुन्यांतली.

पुढे बाबिलोनच्या राजांची ती रीतच पडली. नवा राजा गादीवर आला, किंवा संकट ओढवलं, की फर्मान निघे. अम्मी-सदुका राजाचं इ.स.पू. १६४६ च्या सुमाराचं फर्मान बरंचसं उरलं आहे. व्याजी दिलेल्या जवाचं आणि चांदीचं देणं रद्द, पाटी फोडून टाकायची. व्यापारातल्या भागीदारीची रक्कम मात्र माफ नाही. आणि सावकाराने कर्जाची पाटी विक्री किंवा ठेव म्हणून लिहवून घेतली असेल तर? त्याचीही तरतूद आहे: कर्जदाराने साक्षीदार आणावेत, लबाडी उघड झाली की तीही पाटी फुटेल. फर्मानात हे लिहावं लागलं, याचा अर्थ सावकारांनी पळवाट आधीच शोधलेली होती.

हम्मुराबीच्या प्रसिद्ध कायद्यांतही (त्याची कारकीर्द इ.स.पू. १७९२ ते १७५०) अशीच एक तरतूद आहे. पुराने शेत वाहून गेलं किंवा पाण्याअभावी पीक आलं नाही, तर शेतकऱ्याने त्या वर्षी सावकाराला धान्य देऊ नये, पाटी भिजवून बदलावी आणि त्या वर्षाचं व्याजही भरू नये. करार नसेल तर लग्नही लग्न नाही, आणि साक्षीदार किंवा कराराशिवाय कोणाच्या मुलाकडून वा गुलामाकडून माल घेतला तर घेणारा चोर, असंही तिथे म्हटलं आहे.

हे कायदे ज्या काळ्या दगडावर कोरले आहेत तो सव्वादोन मीटर उंच आहे. एलामच्या राजाने तो लुटून सुसा इथे नेला, तिथे तो १९०१-०२ मध्ये फ्रेंच उत्खननात सापडला आणि आता पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. अन्याय झालेल्या माणसाने या दगडापाशी यावं आणि तो वाचून घ्यावा, असं हम्मुराबीने त्यावर कोरवलं. पण त्या काळच्या खटल्यांच्या पाट्यांत या कायद्यांचा आधार घेतलेला क्वचितच दिसतो. न्यायाधीश रूढीनुसार निवाडे देत राहिले. दगड सांगत होता ते वेगळंच: न्याय ही आता राजाच्या मर्जीपलीकडे उभी असलेली, कोणालाही दाखवता येणारी गोष्ट आहे. प्रत्यक्षात ती तशी होण्याआधी तसं लिहिलं गेलं होतं.

ज्यांना वाचता येत होतं ते

दगडापाशी आलेल्या माणसाला बहुधा वाचता येत नव्हतं. दुसऱ्या कोणीतरी वाचून दाखवावं लागे. तो दुसरा कोण होता?

निप्पूर शहरात १९५१-५२ च्या उत्खननात एक लहानसं घर सापडलं. त्याला 'एफ' हे ओळखीचं अक्षर मिळालं. आत शाळकरी पाट्यांचे सुमारे १,४०० तुकडे निघाले. इ.स.पू. १७४० च्या आसपास इथे मोजकी मुलं शिकत. वापरलेल्या पाट्या भिजवून पुन्हा मळायची सोय घरातच होती. आधी उभे-आडवे खिळे गिरवायचे, मग चिन्हं, मग नावं, मग झाडांच्या आणि लाकडी वस्तूंच्या लांबलचक याद्या, मग पाढे, मग नमुन्याचे करार, मग म्हणी. हे सगळं पार पडलं की काव्य. आणि हे शिकायचं सुमेरी भाषेत, जी तोवर कोणाच्याही घरात बोलली जात नव्हती.

शाळेबद्दलचं एक सुमेरी प्रहसनच उपलब्ध आहे. त्यातला विद्यार्थी उशिरा येण्यापासून गचाळ अक्षरापर्यंत प्रत्येक गोष्टीसाठी मार खातो. शेवटी बापाला सांगून गुरुजींना घरी जेवायला बोलावतो. नवं वस्त्र आणि अंगठी पदरात पडल्यावर गुरुजींना त्याच मुलात मोठी गुणवत्ता दिसू लागते.

इतकी वर्षं पोराला शिकवणं ज्यांना परवडे, त्यांच्याच घरात लेखनिक तयार होत. सिप्पारसारख्या शहरात स्त्री लेखनिकही होत्या, पण एकंदरीत हा वर्ग छोटा आणि पुरुषी होता. जमीन त्याची नव्हती, सैन्य त्याचं नव्हतं. तरी त्याच्याशिवाय जमीन मोजली जात नव्हती आणि सैन्याला शिधा मिळत नव्हता. नांगर, भाला आणि जपमाळ यांच्या जोडीला बोरू हा सत्तेचा नवा मार्ग झाला.

याच वर्गाच्या हातून साहित्य टिकलं. सरगोन राजाची मुलगी एन्हेदुआन्ना ही उरच्या चंद्रदेवाची प्रमुख पुजारीण. इ.स.पू. २३०० च्या सुमारास होऊन गेलेल्या तिच्या नावावर स्तोत्रं आहेत. नावाने ओळखता येणाऱ्या जगातल्या पहिल्या लेखकांत तिची गणना होते. गिल्गमेशची कथाही शाळकरी मुलांनी गिरवून गिरवून जगवली. अश्शूरचा राजा अशुरबनिपाल याने इ.स.पू. सातव्या शतकात निनवेमध्ये ग्रंथसंग्रह उभा केला आणि आपल्याला स्वतःला वाचता येतं, याचा अभिमान मिरवला. इ.स.पू. ६१२ मध्ये शत्रूंनी निनवे जाळलं. कागद असता तर राख झाली असती; मातीच्या पाट्या आगीत भाजून उलट टिकाऊ झाल्या. त्या संग्रहातल्या तीस हजारांहून अधिक पाट्या आणि तुकडे आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत.

लेखनाशिवायही

एवढं वाचल्यावर लेखनाविना संस्कृतीच शक्य नाही असं वाटू लागतं. तसं नाही. इंका राजांनी अँडीज पर्वतात हजारो किलोमीटर पसरलेलं साम्राज्य दोऱ्यांच्या गाठींवर चालवलं. खानेसुमारी, कर आणि कोठारं सगळं त्या 'किपू'मध्ये. आणि आपल्याकडे वेद कित्येक शतकं तोंडी टिकले. पदपाठ, क्रमपाठ, जटापाठ, घनपाठ अशा उलटसुलट पठणांनी एकेक स्वर पक्का बांधला गेला. पाटीवरची चूक नकलाकाराच्या हातून पुढे जाते. घनपाठात चूक लगेच अडखळते. ज्ञान जपण्यासाठी लेखन अपरिहार्य नव्हतं.

उलट, नुसत्या हिशेबापुरतं राहिलेलं लेखन किती नाजूक असतं, हे ग्रीसने दाखवलं. मायसिनी काळातल्या राजवाड्यांत 'लिनियर बी' नावाची लिपी होती. मायकल व्हेंट्रिस याने ती १९५२ मध्ये उलगडली, तेव्हा आत निघाल्या मेंढ्या, लोकर, तेल आणि कांस्य. काव्याची एक ओळ नाही. इ.स.पू. १२०० च्या सुमारास राजवाडे कोसळले आणि त्यांच्याबरोबर लेखनही ग्रीसमधून नाहीसं झालं. चारशे वर्षांच्या आसपास तिथे कोणी लिहीत नव्हतं. त्या काळात कथा गायल्या जातच होत्या. मेला तो फक्त हिशेब, कारण त्याची गरज असलेली कचेरीच उरली नव्हती.

नाशिकची बारा कार्षापणं

आपल्याकडे सिंधू संस्कृतीच्या मुद्रांवर चिन्हं आहेत. सुमेरशी तिचा व्यापारही होता. पण ती लिपी अजून वाचता आलेली नाही. वाचता येणारं लेखन मोठ्या प्रमाणावर दिसतं ते इ.स.पू. तिसऱ्या शतकात, सम्राट अशोकाच्या शिलालेखांत. त्यांचा एक तुकडा मुंबईजवळ सोपाऱ्यातही सापडला. तो राजाचा धर्मोपदेश होता. देण्याघेण्याची अस्सल भाषा ऐकायची तर नाशिकच्या पांडवलेण्यांत जायला हवं.

तिथल्या दहाव्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. काळ सुमारे १,९०० वर्षांपूर्वीचा. त्याने ३,००० कार्षापणं, म्हणजे त्या काळची नाणी, गोवर्धन गावातल्या विणकरांच्या श्रेणींकडे (संघांकडे) ठेवली: २,००० एका श्रेणीकडे दरमहा शेकडा एक व्याजाने, १,००० दुसरीकडे शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत घ्यायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. दोन हजारांच्या व्याजातून लेण्यात वर्षावासाला राहणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापणं वस्त्रांसाठी. हिशेब करून पाहा: महिन्याला वीस, वर्षाला दोनशे चाळीस, भागिले वीस, बरोबर बारा. हे दान निगमसभेत जाहीर करून दप्तरी नोंदवलं गेलं आणि मग दगडात कोरलं गेलं.

उरच्या मुकादमाच्या बाकीत आणि या बारा कार्षापणांत तंत्र एकच आहे: माणसापासून सुटं झालेलं, काळाबरोबर वाढणारं, पिढ्यांपलीकडे जाणारं देणं. फरक नोंद कोणाच्या ताब्यात आहे आणि ती कोणाला दिसते, यात आहे. मुकादमाची पाटी सरकारी कोठीत होती. त्याच्या मुलाला वसुली आल्यावरच ती कळली असेल. उषवदाताचा आकडा सभेने ऐकला होता, दप्तरात होता आणि ज्यांना पैसे मिळायचे त्या भिक्षूंच्या भिंतीवरही होता. एक प्रत लपवता येते, तीन प्रती लपवणं कठीण. कनेशचं मातीचं पाकीट, अम्मी-सदुकाच्या फर्मानातले साक्षीदार आणि देर अल-मदिनाच्या कारागिरांचा संप एकाच गोष्टीसाठी होते: लिहिलेलं फक्त लिहिणाऱ्याच्या हाती राहू नये.

पण त्यासाठी वाचता येणारे पुष्कळ हवेत, आणि निप्पूरच्या शाळेतल्या शेकडो चिन्हांनी ते होणार नव्हतं. कनेशच्या व्यापाऱ्यांनी शंभर-दीडशे चिन्हांवर काम भागवून दिशा दाखवली होती. इ.स.पू. १८५० च्या सुमारास सिनाईच्या खाणींच्या परिसरात काही सामान्य माणसांनी ती संख्या तीसच्या आत आणली. ते कोण होते आणि त्यांनी ते कसं साधलं, हे पुढच्या प्रकरणात.